‘लक्ष कुठाय तुझं?’ – मानसशास्त्रातले काही प्रयोग आणि आपले रोजचे अडथळे

मलप्रभा (धागाकर्ती)

पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) मानसशास्त्र शिकवते, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात. ‘समस्या सोडवणं’ आणि ‘अवधान’ या दोन प्रकरणांवर पोरांना मार्क चांगले पडतात. प्रयोग करणाऱ्यांची नावं, सालं तोंडपाठ. पण त्याच पोराचा बापाच्या गॅरेजात एखादा नट अडकला की वहीतलं एक अक्षर उपयोगी पडत नाही, आणि बापही वर ‘डोकं चालव की जरा’ म्हणून मोकळा होतो. मला या धाग्यात एवढंच मांडायचंय की ‘लक्ष कुठाय’ आणि ‘डोकं चालव’ म्हणण्याआधी समोरच्या कामाची मांडणी एकदा बदलून बघावी. यातले बरेचसे प्रयोग, नीट वाचले तर, माणसापेक्षा मांडणीबद्दल जास्त सांगतात.

सुरुवात कार्ल डुंकरपासून करते. बर्लिनमध्ये काम केलेला माणूस, त्याचं समस्या सोडवण्यावरचं काम जर्मनमध्ये १९३५ ला आलं, इंग्रजीत १९४५ ला. टेबलावर मेणबत्ती, काडेपेटी आणि खोकीभर टाचण्या (फळ्यावर कागद लावायच्या, चपट्या डोक्याच्या). मेणबत्ती भिंतीवर उभी करून लावायची. लोक मेणबत्तीतूनच टाचणी ठोकायला बघतात, मेण वितळवून भिंतीला चिकटवायला बघतात. उत्तर असं की खोकं रिकामं करायचं, तेच टाचण्यांनी भिंतीला ठोकायचं आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची. आता गंमत इथं आहे. टाचण्या खोक्यात भरून ठेवल्या तर पुष्कळ लोक अडतात. त्याच टाचण्या बाहेर टेबलावर आणि खोकं रिकामं ठेवलं तर बहुतेकांना सुचतं. माणसं तशीच, वस्तूही त्याच, फक्त खोकं रिकामं. भरलेलं खोकं ‘टाचण्यांचं’ असतं, रिकामं खोकं कशाचंही होऊ शकतं.

आपल्याकडचा पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा घ्या. तेल आहे तोवर तो तेलाचा डबा. संपला की त्याची तुळस होते, कोंबड्यांचं खुराडं होतं, आडवा कापून सुपली होते, माझ्या माहेरी तर त्याची पाणी तापवायची चूल होती. कुणी डोकं चालवायला शिकवलेलं नसतं. डबा रिकामा होऊन डोळ्यांसमोर पडलेला असतो एवढंच.

म्हणून वर्गात मी एक साधी सवय लावायचा प्रयत्न करते. अडलं की समोरच्या वस्तूंची नावं घ्यायची नाहीत, ती कशाची आहे आणि कोणत्या आकाराची आहे ते सांगायचं. टोनी मॅककॅफ्री नावाच्या संशोधकाने २०१२ मध्ये हेच शिकवून बघितलं: वस्तूचे भाग पाडत जायचे आणि प्रत्येक भागाचं वर्णन असं करायचं की त्यात त्याचा उपयोग येऊ नये. ‘वात’ म्हटलं की ती जळते. ‘मेणात बुडवलेली दोरी’ म्हटलं की तिने काहीतरी बांधताही येतं. हे शिकलेल्यांना अडलेली कोडी जास्त सुटली.

लक्षाबद्दल पुढच्या प्रतिसादांत लिहीन, नाहीतर पोस्ट लांबते. तोवर एक कोडं. दुसऱ्याचं उत्तर न बघता, क्रमाने सोडवायचं. खुणा नसलेली तीन भांडी, पाणी हवं तेवढं, सांगितलंय नेमकं तेवढंच मोजून काढायचं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गल्लीतल्यांना हे जड जाऊ नये.

१) भांडी २१, १२७, ३ लिटर. हवंय १००.
२) १४, १६३, २५. हवंय ९९.
३) १८, ४३, १०. हवंय ५.
४) ९, ४२, ६. हवंय २१.
५) २०, ५९, ४. हवंय ३१.
६) २३, ४९, ३. हवंय २०.

---

निपाणीकर

ताई, पहिलं: १२७ भरा, त्यातून २१ एकदा काढा, ३ दोनदा काढा. १०० राहिले. दुसरं तसंच, १६३ मधून १४ आणि दोनदा २५. पुढची सगळी एकाच रीतीने. मधलं भरायचं, पहिल्यात एकदा आणि तिसऱ्यात दोनदा ओतायचं. सहावं ४९ उणे २३ उणे ३ उणे ३, वीस. कॉलेजच्या पोरांना इतकं सोपं देता होय?

---

उद्यमबागी

काका, सहाव्याला २३ चं भरा आणि ३ काढा की. एवढ्या ओताओतीत निम्मं पाणी फरशीवर.

---

निपाणीकर

वीस लिटर आले ना? मग झालं. तंबाखूच्या वखारीत हिशेब करण्यात आयुष्य गेलं. बसलेली रीत मोडली की तिथं चूक होते, हे तुम्हा मशीनवाल्यांना नाही कळायचं.

---

मलप्रभा

काकांनी अगदी प्रयोगातल्या लोकांसारखंच उत्तर दिलंय, आणि ते चूक नाहीच. अब्राहम लचिन्सने १९४२ मध्ये हीच कोडी दिली होती. पहिली पाच लांबच्या रीतीने सुटलेल्यांपैकी बहुतेकांनी सहाव्यालाही तीच रीत लावली. ज्यांना थेट सहावं दिलं, त्यांनी पटकन २३ उणे ३ केलं. म्हणजे हुशारीचा प्रश्न नव्हता, आधीच्या पाचांनी वाट पाडून ठेवली होती.

काकांचा मुद्दाही मला पटतो. बसलेली रीत स्वस्त पडते, रोज नव्याने विचार करत बसलं तर वखार चालायची नाही. ती महाग कधी पडते त्यासाठी सातवं देते: २८, ७६, ३. हवंय २५.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग लचिन्सनंतर पुष्कळ वर्षांनी आला. २००८ मध्ये बिलालिच, मॅक्लिऑड आणि गोबे यांनी बुद्धिबळाच्या तरबेज खेळाडूंना एक डाव दिला. त्यात एक ओळखीची मात होती आणि एक तिच्याहून कमी चालींची. ओळखीची सापडल्यावर ‘अजून चांगली शोधा’ म्हणून सांगितलं. खेळाडू म्हणत होते, शोधतोय. पण त्यांची नजर कुठं फिरते ते यंत्राने टिपलं तेव्हा दिसलं की डोळे परत परत ओळखीच्या चालीच्या घरांवरच जात होते. शोधतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. समस्या सोडवणं आणि अवधान ही पुस्तकात दोन प्रकरणं असतात, माझ्या मते ती एकच आहेत, आणि याला कारण हा प्रयोग.

---

निपाणीकर

सातव्याला माझी रीत ४२ देते. २८ उणे ३. बघितलं. पुढं चला.

---

धोटा

नमस्कार. वडगावात आमचे यंत्रमाग. लक्षाचा विषय निघालाय म्हणून विचारतो.

बाण्याचा (आडवा) धागा तुटला किंवा कांडी संपली तर माग आपला आपण थांबतो, तिथं धागा चाचपणारा फोर्क असतो. ताण्याचा (उभा) धागा तुटला तर आमचे जुने माग थांबत नाहीत. चालत राहतात आणि साडीत रेघ पडत जाते. दिसली नाही तर वार-दीड वार कापड गेलं. म्हणजे बाण्यावर मशीनचं लक्ष आणि ताण्यावर आमचं.

आता प्रश्न. शेडमध्ये एवढा खडखडाट असतो की बाजूचा माणूस ओरडला तरी तोंडाकडे बघून समजून घ्यावं लागतं. तरी आमच्या बाबांना चार मागांपलीकडच्या आपल्या मागाचा आवाज ‘फिरला’ की लगेच कळतं. धोटा (बाण्याचा धागा नेणारा) जरा उशिरा येऊलाय, पट्टा सैल झालाय, सगळं आवाजावरून. आणि खिशातला फोन वाजला तर पत्ता नाही! आई म्हणते मुद्दाम उचलत नाहीत. हे काय असतं?

---

मलप्रभा

धोटा, काय छान उदाहरण दिलंत! सरळ वर्गात वापरणार, हरकत नसेल तर.

कॉलिन चेरीने १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडली आणि एका कानातलं ऐकत ऐकत मोठ्याने म्हणायला लावलं. दुसऱ्या कानात काय होतं विचारलं तर शब्द जवळजवळ काहीच सांगता आले नाहीत. पण पुरुषाचा आवाज बदलून बाईचा झाला किंवा मध्येच नुसता सूर वाजला तर ते कळलं. म्हणजे नको असलेला आवाज पूर्ण बंद होत नाही. त्याचा पोत कळत राहतो, अर्थ कळत नाही. पुढे नेव्हिल मोरेने १९५९ मध्ये त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचंच नाव घातलं. साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू आलं. ॲन ट्राइझमनने यावरून म्हटलं की मनाचा दरवाजा बंद नसतो, नुसता लोटलेला असतो. ज्या गोष्टी आपल्यासाठी कायम महत्त्वाच्या, त्यांना आत यायला हलका धक्का पुरतो.

बाबांसाठी मागाचा ठेका त्यांच्या नावासारखा आहे. फोनची रिंग आज ही, उद्या नातवाने बदललेली दुसरी. त्यामुळे आईंचा संशय मी तरी खोडून काढते. निदान शेडमध्ये असतानाचा!

---

धोटा

आईला वाचून दाखवलं. ‘मग जेवताना पण माग चालू असतो काय’ म्हणाली.

---

घाटवाट

माझा भाजीचा टेम्पो आहे, बेळगाव ते गोवा, चोर्ला घाटातून. कणकुंबीच्या पुढं पावसाळ्यात धुकं असं असतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला तरी नशीब. मी फोन कानाला लावत नाही, ब्लूटूथवर बोलतो, हात मोकळे. घरच्यांचं म्हणणं ते पण नको. पण ताई, कुणाशी बोललंच नाही तर पहाटे डोळा लागतो, ते जास्त वाईट नाही का? ह्याला तुमचे शास्त्रज्ञ काय सांगतात?

---

मलप्रभा

घाटवाट दादा, यात शास्त्रज्ञ घरच्यांच्या बाजूने आहेत. स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये गाडी चालवण्यासारखं काम देऊन बघितलं. फोनवर बोलताना सिग्नल चुकण्याचं प्रमाण वाढलं, आणि फोन हातात आहे की हात मोकळे आहेत याने फरक पडला नाही. अडचण हातांची नाहीच. डोळे रस्त्यावर असतात आणि दिसलेलं आत पोचत नाही.

यावरचा प्रसिद्ध प्रयोग सायमन्स आणि शब्रीचा, १९९९ चा. व्हिडिओत दोन संघ चेंडू खेळवतायत, पांढऱ्या कपड्यांतल्यांनी किती वेळा चेंडू दिला ते मोजायचं. मधूनच गोरिलाच्या वेषातला माणूस येतो, छाती बडवतो, निघून जातो. मोजणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना तो दिसलाच नाही. धुक्यात मध्येच आलेल्या म्हशीला गोरिलापेक्षा जास्त मान मिळेल असं समजायला काही आधार नाही.

पण झोपेचा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. त्यावर उपाय शेजारी बसलेला क्लीनर. २००८ मध्ये ड्रूज, पासुपती आणि स्ट्रेयर यांनी फोनवरचं बोलणं आणि शेजारी बसलेल्याशी बोलणं यांची तुलना केली. शेजारचा माणूस असताना गाडी बरी चालली, कारण त्यालाही रस्ता दिसत असतो. अवघड जागा आली की तो बोलणं आवरतं घेतो किंवा रस्त्याबद्दलच बोलतो. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नाही, तो विचारतच राहतो, “काय रे, ऐकूलालास ना?” आणि झोप येतच असेल तर जांबोटीला गाडी बाजूला घेऊन थोडं पडा. त्याला बोलणं हा उतारा नाही, क्लीनरसुद्धा नाही.

---

घाटवाट

क्लीनर ठेवायचा म्हणजे त्याचा पगार, जेवण. मेहुण्याला विचारतो, रिकामाच आहे.

---

शंकेखोर

सगळं वाचलं. तीन शंका.

एक, हे सगळे प्रयोग अमेरिकेतल्या नाहीतर युरोपातल्या कॉलेजच्या पोरांवर. ती पोरं म्हणजे जग नव्हे. दोन, आपल्या आजीला तेलाच्या डब्याचे दहा उपयोग माहीत होते, तिला डुंकर लागला नाही. मग गरिबीत वाढलेल्या माणसाला ही ‘भरलेल्या खोक्याची’ अडचण येतच नसेल, असं का म्हणू नये? तीन, सगळं मांडणीवर ढकललं की आळशी माणूस कुणी उरतच नाही. आमच्या कचेरीत या बसा, दाखवतो.

---

मलप्रभा

पहिली शंका रास्त आहे आणि मानसशास्त्रवाले स्वतःच २०१० पासून ती जोरात मांडतायत. लक्षाच्या बाबतीत तर फरक दिसलेलेही आहेत. मसुदा आणि निस्बेट यांनी २००१ मध्ये पाण्यातल्या माशांची हलती चित्रं दाखवली. अमेरिकन लोकांनी आधी मोठ्या माशाचं सांगितलं, जपान्यांनी पाणी, शेवाळ, भोवतालचं जास्त सांगितलं.

दुसरी शंका मलाही होती, आणि नेमकी तीच कुणीतरी तपासली हे बघून बरं वाटलं. टिम जर्मन आणि क्लार्क बॅरेट यांनी २००५ मध्ये इक्वेडोरच्या ॲमेझॉन भागातल्या शुआर लोकांत हा प्रयोग केला. तिथं कारखान्यातल्या वस्तू फार थोड्या. तरीही वस्तूचा नेहमीचा उपयोग आधी दाखवला की तिथली तरुण पोरंही अडली. म्हणजे खोक्याचं वेड गरिबी-श्रीमंतीवर अवलंबून दिसत नाही. सुटलेली दिसतात ती लहान मुलं! जर्मन यांच्याच आधीच्या, २००० सालच्या कामात पाच वर्षांची मुलं या सापळ्यात अडकली नाहीत, सहा-सात वर्षांची अडकली. आजीला डब्याचे दहा उपयोग सुचायचे ते डबा रिकामा झाल्यावर. भरलेल्या डब्यावर उभं राहून माळ्यावरचं काढणारा मात्र घरातला पाच वर्षांचाच असतो, आणि मार खातो.

तिसऱ्याचं काय सांगू? आळशी माणसं असतात. पण कुणाला आळशी ठरवायचं ते मांडणी सुधारून झाल्यावर ठरवावं, आधी नव्हे. तुमच्या कचेरीबद्दल मी बोलत नाही, मला तिथून एक दाखला काढायचाय.

---

शंकेखोर

दाखल्यासाठी उलटीकडून या. शेवटच्या टेबलाला आधी विचारा की तुला कोणता कागद हातात हवा. मग तो कागद कोण देतो, त्याला काय लागतं, असं मागं मागं. लोक पहिल्या खिडकीपासून सुरू करतात आणि तिसऱ्या टेबलावर कळतं की उताऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. मग परत पहिल्यापासून. त्यात फॉर्म कन्नडमध्ये, म्हणून आधी धीर गेलेला असतो.

---

मलप्रभा

बघा, शंका काढता काढता स्वतःच प्रकरण शिकवून गेलात! ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी यंत्राला कोडी सोडवायला शिकवताना असंच काहीसं मांडलं होतं: आत्ता कुठं आहे, कुठं पोचायचंय, दोन्हींत फरक काय, तो कमी करणारी पायरी कोणती. पोचायची जागा स्पष्ट आणि सुरुवातीच्या वाटा पुष्कळ असल्या की उलटं चालणं सोपं. दाखल्याला दोन्ही लागू. नोकरी शोधायला नाही, तिथं पोचायची जागाच धूसर असते.

---

उद्यमबागी

जरा मोठा प्रतिसाद आहे, पण धाग्याला धरून आहे.

आमच्याकडं हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी होतात. आतून एकमेकांना छेदणारी भोकं, आणि छेदतात तिथं कधीकधी केसाएवढा बर (धातूची कुसळ) राहतो. तो सुटून तेलात गेला की व्हॉल्व्ह अडकतो. शेवटी एक माणूस बसतो, दिवा आणि भिंग घेऊन. बहुतेक पीस चांगलेच असतात, शेकड्यात एखादा वाईट. आणि नेमका तो एखादा निसटून गिऱ्हाइकाकडं जातो. मग मिटिंग, मग ‘लक्षपूर्वक तपासणी करा’ असा बोर्ड. आमच्या शॉपमध्ये असे बोर्ड इतके आहेत की आता ते कुणी वाचत नाही.

मलाही आधी वाटायचं की माणूस बदलावा. माणूस बदलूनही तेच. मग यावर वाचत गेलो. नॉर्मन मॅकवर्थने १९४८ मध्ये इंग्लंडच्या हवाई दलासाठी एक प्रयोग केला होता. रडारवर बसलेल्यांना पाणबुड्यांच्या खुणा का निसटतात हे बघायचं होतं. एक काटा टिकटिक पुढं जातो, क्वचित एकदम दुप्पट उडी मारतो, तेवढं टिपायचं. पहिल्या अर्ध्या तासातच पकडण्याचं प्रमाण घसरलं. ही तरणीताठी, निवडलेली माणसं. दुसरं वाचलं ते जेरेमी वुल्फचं, २००५ चं. सामानाच्या एक्स-रेसारख्या चित्रांत वस्तू शोधायची. निम्म्या चित्रांत वस्तू असली तर चुकण्याचं प्रमाण ७ टक्के. शंभरात एकातच असली तर ३० टक्के. म्हणजे आमची क्वालिटी जितकी सुधारेल तितका शेवटचा तपासनीस आंधळा होणार! हे मी मिटिंगमध्ये सांगितलं तर साहेब हसले.

काय बदललं ते सांगतो. तपासणीवरची दोन माणसं अर्ध्या तासाने आपापली जागा बदलतात, दुसरा पॅकिंगला. शिवाय मुद्दाम वाईट केलेले, आत खूण असलेले थोडे पीस ट्रेमध्ये मिसळतो, म्हणजे वाईट पीस हाताला लागायची सवय राहते. यावरून आधी भांडण झालं. पोरांना वाटलं त्यांना पकडायला लावलंय. उघड सांगितल्यावर, आणि मिसळायचं काम त्यांच्यातल्याच एकाकडं दिल्यावर निवळलं. तक्रारी थांबल्या असं नाही म्हणणार, कमी झाल्या. बर मुळातच राहू नये यासाठी टूल बदलणं हे खरं काम, ते अजून मंजुरीत आहे.

आणि एक, जपानचे शिगेओ शिंगो. १९६१ मध्ये एका कारखान्यात साध्या बटणाच्या जोडणीत दोन स्प्रिंग बसवायच्या असत आणि अधूनमधून एखादी राहून जाई. कामगारांना सांगून सांगून थकले. शिंगोंनी एवढंच केलं: आधी दोन स्प्रिंग मोठ्या डब्यातून काढून छोट्या ताटलीत ठेवायच्या, मग जोडायला घ्यायचं. जोडणी झाली आणि ताटलीत स्प्रिंग उरली, तर समजलं. लक्षात ठेवायचं काम ताटलीकडं.

---

निपाणीकर

हे बरं आहे. आमच्या हिच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या. घेतली की नाही घेतली यावर रोज सकाळी वाद. मी म्हणतो घेतलीस, ती म्हणते नाही. एकदा दोनदा घेतली गेली तर काय?

---

उद्यमबागी

काका, रात्री झोपताना उद्याच्या गोळ्या काढून वेगळ्या ठेवायच्या. सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. सकाळची जागा रिकामी दिसली म्हणजे घेतली. वाद कुणाशी घालणार?

---

मलप्रभा

उघड्या वाटीत मात्र नको, नातवंडं येत असतील तर. वारांचे कप्पे असलेला झाकणाचा डबा औषधाच्या दुकानात मिळतो. डबा आठवड्यातून एकदाच भरा, भरताना दोघं बसा आणि डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवा, कारण भरताना चुकलं तर आठवडाभर चुकेल. काही गोळ्या पाकिटातून काढून ठेवायच्या नसतात, ते दुकानदाराला विचारा. आणि एखादा कप्पा चुकून भरलेला राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं.

---

कौलारू

वाचनखूण साठवली. थोडं अवांतर: २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेलं एक काम वाचलं होतं. लोकांना लेगोच्या ठोकळ्यांची रचना सुधारायला दिली की बरेच जण आणखी ठोकळे लावतात. काढून टाकल्याने काम सोपं होत असेल तरी काढायचं सुचत नाही. उद्यमबागींच्या शॉपमधले बोर्ड वाचून ते आठवलं. आधी चार बोर्ड काढा, मग राहिलेला एक वाचला जाईल.

---

टिळकवाडी_आई

माझा मुलगा यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. वर कन्नड, इंग्रजी. तिन्ही लिप्या लिहितो. शेजारच्या बाई म्हणतात दोन-तीन भाषांच्या मुलांचं लक्ष जास्त चांगलं असतं, शास्त्राने सिद्ध झालंय. मग आमच्या घरात का नाही झालं? टेबलावर बसतो, पुस्तक उघडतो आणि दहा मिनिटांत पाणी प्यायला उठतो. उरलेल्या विषयांची काळजी करत बसतो, समोरचा होत नाही. मला तुमच्यासारखं मांडणीचं काही सांगा, ‘लक्ष दे’ सांगून मी थकले.

---

मलप्रभा

शेजारच्या बाईंचं म्हणणं पूर्वी बरंच मानलं जायचं. पुढे पाप आणि ग्रीनबर्ग यांनी २०१३ मध्ये तपासलं तेव्हा भाषांचा असा एकसारखा फायदा दिसला नाही, आणि तो वाद अजून चालू आहे. तीन भाषा येतात हा फायदा पुरेसा आहे, त्यावर लक्षाचं ओझं टाकू नका.

उरलेल्या विषयांची काळजी याबद्दल सांगण्यासारखं आहे. ब्लूमा झायगार्निकने १९२७ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. नंतर सगळ्यांना तसंच सापडलं नाही, म्हणून त्यावर फार भिस्त नको. पण मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांचं २०११ चं काम आईबापांच्या उपयोगाचं आहे. अपुरं काम डोक्यात घोळत असताना लोकांचं दुसऱ्या कामातलं लक्ष उडत होतं. ते अपुरं काम कधी, कुठं, कसं करणार हे त्यांनी नेमकं ठरवलं तेव्हा घोळणं थांबलं. काम झालेलं नव्हतं, नुसतं ठरलं होतं.

तेव्हा बसण्याआधी त्याच्याकडून त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. ‘विज्ञान करायचंय’ असं नको. ‘संध्याकाळी आईने भाकरी थापायला घेतली की मी विजेच्या धड्याचे शेवटचे तीन प्रश्न सोडवणार’ असं. पीटर गॉलविट्झर गेली कित्येक वर्षं हेच सांगतायत: ‘अमुक झालं की तमुक करणार’ अशा बांधणीचा बेत नुसत्या इच्छेपेक्षा जास्त पाळला जातो. घड्याळापेक्षा भाकरी बरी, ती त्याला ऐकू येते.

कन्नडचं जे राहिलंय त्यालाही असाच दिवस आणि वेळ देऊन तो कागद भिंतीला लावा. गणित करताना कन्नड आठवलं तर कागदाकडे बघायचं.

---

टिळकवाडी_आई

आणि पाणी प्यायला उठतो ते?

---

मलप्रभा

तांब्या टेबलावर ठेवून बघा. तरी उठला तर पाण्यासाठी उठत नव्हता. मग फोन कुठल्या खोलीत असतो ते सांगा.

---

टिळकवाडी_आई

स्वयंपाकघरात. चार्जिंगला. माठाच्या शेजारी.

---

शंकेखोर

:)

---

मलप्रभा

चार्जर तुमच्या खोलीत हलवा. आणि तुमचाही फोन तिथंच ठेवा, नाहीतर तो विचारेल.